माळ्यावरची आगगाडी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक सासरे आणि सून बसले होते. सून त्यांना मोबाइलवर स्वतः बनवत असलेलं अ‍ॅप दाखवत होती, जुनी खेळणी विकायचं किंवा देऊन टाकायचं.

“बाबा, समजा तुम्हाला एखादं खेळणं द्यायचंय. कुठे दाबाल?”

“हे आधी कारण विचारतंय. मूल मोठं झालं, जागा नाही, नवीन घेतलं.”

“निवडा की एक.”

“माझं कारण यात नाही.”

“अहो, नुसतं करून बघायचंय.”

“माळ्यावर लाकडी आगगाडी आहे. तुझ्या नणंदेच्या मुलांसाठी ठेवलेली.”

“पण ताईंना मूल नकोच आहे ना?”

“मग काय दाबू?”

“‘इतर’ टाकते.”

“त्याच्याखाली रकाना येईल, सविस्तर लिहा म्हणून.”

“येईल.”

“मग राहू दे माळ्यावरच.”

“थांबा. तो प्रश्नच काढून टाकते, बाबा.”

“हं. आता सांग, कुठे दाबू?”