दहा वर्षांचे बूट

आई: हे काढा आधी. पाय बुटात आहे की गादीवर, तेच कळत नाही.

दुकानदार: मावशी, हाच तर गुण आहे त्याचा! मऊ, हलका. सकाळच्या फिरण्यासाठी लोक डोळे झाकून हेच नेतात.

आई: डोळे झाकूनच नेत असणार. मी फिरायला जात नाही, कामाला जाते. आत शिरल्या शिरल्या काय सांगितलं होतं तुम्हाला?

दुकानदार: कामाचे बूट म्हणालात. पण मग ताईंनी मागून खूण केली...

लेक: खूण कसली? जरा मऊ दाखवा म्हटलं, एवढंच.

आई: तोंडाने नाही, डोळ्यांनी म्हटलंस. समोर आरसा आहे, बाई.

दुकानदार: बरं, काम कसलं ते तरी सांगा. दिवसभर उभं राहायचं?

आई: बसायचं.

दुकानदार: बसून काम, आणि त्याला कामाचे बूट?

आई: बसायच्या आधी चढावं लागतं. ओतकामाच्या कारखान्यात क्रेन चालवते मी. छताखाली रुळांवरून सरकते ना, ती. माझी केबिन वर टांगलेली. लोखंडी शिडीने चढायचं, लोखंडी शिडीने उतरायचं.

दुकानदार: तुम्ही? क्रेन?

आई: का, क्रेनला मिशी लागते?

दुकानदार: नाही नाही, तसं नाही. कौतुकाने विचारलं.

लेक: काका, सत्तावन्न वर्षांची आहे ही. आणि पंधरवड्यापूर्वी त्याच शिडीवरून पडलीय.

आई: खालून दुसऱ्या पायरीवरून. ही सांगते जसं काही आभाळातून पडले.

लेक: गुडघा टम्म सुजला होता. चार दिवस पाय टेकवत नव्हतीस.

आई: सुजला होता, उतरला. डॉक्टर म्हणाले कामावर जायला हरकत नाही. तूच होतीस ना समोर?

लेक: जपून म्हणाले ते.

आई: मग जपतेच आहे की! म्हणून तर बूट घ्यायला आले. भाऊ, जुन्या बुटांचा तळ गेला होता. माझा पाय नव्हता गेला. आमचा फोरमन म्हणाला, आत्या, नवे बूट घालून या, त्याशिवाय शिडीला हात लावू देणार नाही. कारखान्यात आत्याच म्हणतात मला. उद्या सकाळची पाळी आहे माझी.

दुकानदार: माप काय, आत्या?

आई: पाच. आणि पुरुषांचे सहा आणून पुढे कापूस कोंबा म्हणू नका. इतकी वर्षं तेच केलं. बुटाच्या आत पाय वेगळा फिरायचा, बूट वेगळा.

दुकानदार: बायकांच्या मापात कामाचे बूट... कुणी मागतच नाही हो.

आई: मी मागतेय. आता झालं ना कुणीतरी?

दुकानदार: अगदी वरच्या फळीवर एक जोड असावा. थांबा, शिडी घेतो.

आई: घ्या. आणि शिडीकडे तोंड करून चढा, असं आडवं नाही.

लेक: आई, त्यांना कशाला शिकवतेस?

आई: तू खुणा करू नकोस, मी शिकवत नाही.

लेक: तुला घरी काय कमी आहे गं? खोली आहे, खिडकीशी खुर्ची आहे...

आई: ती खुर्ची तर मी पडायच्या आधीच आणून ठेवलीस तू. बघते मी सगळं.

लेक: प्रेमाने आणली.

आई: प्रेमाने आणलीस, मान्य. म्हणून मी तिच्यात जन्म काढू?

दुकानदार: सापडले! पाच नंबर. धूळ बसलीय, पण माल खणखणीत. द्या पाय.

आई: थांबा, मोजे चढवते. कामाचे जाड मोजे बरोबर आणलेत. आणि मुद्दाम संध्याकाळी आले. दिवसभरात पाय फुगतो. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी जीव घेतो.

दुकानदार: व्वा. तुम्ही दुकानात बसा, मी क्रेनवर जातो.

आई: तुम्हाला झेपायचं नाही. ही टाच जरा घट्ट वाटते... हां, नाडी ओढली की बसली. चालताना उचलत नाहीये. अगं, पुढे दाबून बघ जरा. मला वाकवत नाही.

लेक: मी?

आई: मग कोण? लहानपणी मी तुझा अंगठा असाच चाचपायचे ना? दाब.

लेक: हलव बोटं. हा अंगठा. पुढे जागा आहे थोडी.

आई: मोकळी हलतायत. छान. भाऊ, तळ बघू. पोलादी पट्टी असलेला नको. आमच्या क्रेनचा ब्रेक पायाने दाबायचा असतो. ब्रेक लागला की नाही, ते तळव्याला कळलं पाहिजे. खाली माणसं उभी असतात.

दुकानदार: हा वाकवून बघा. इथे बोटांपाशी वाकतो, मध्ये वाकत नाही. तेलावर घसरायचा नाही. आणि तळ शिवलेला आहे, नुसता चिकटवलेला नाही. झिजला की आणा, नवा लावून देतो. नाड्या तेवढ्या तुटत राहतील. पण वरचं चामडं? दहा वर्षं बघायला नको.

लेक: दहा वर्षं? काका, दहा वर्षं टिकणारे बूट हिला कशाला?

आई: काय म्हणालीस?

लेक: म्हणजे... तसं नाही गं.

आई: मग कसं?

दुकानदार: मी जरा पाणी घेऊन येतो.

आई: बसा तुम्ही, पाणी नको. तू सांग. किती वर्षं धरलीस माझी? तेवढ्या बेताचे बूट घेऊ.

लेक: आई, तोंडातून निघून गेलं. लोक बघतायत.

आई: कोण लोक? दुकानात आपण तिघं आहोत. ऐक. शाळेत होतीस तेव्हा दरवर्षी तुला एक माप मोठा बूट घ्यायचे मी. पुढे कापूस भरून द्यायचे. का? पोर वाढेल म्हणून. दुकानात उभं राहून एकदा तरी म्हटलं का मी, एवढा मोठा हिला कशाला?

लेक: नाही म्हटलंस.

आई: मग माझ्या पायाशी हिशेब का? भाऊ, तुमची ती शिडी इकडे सरकवा.

दुकानदार: शिडी? कशाला?

आई: जमिनीवर सगळेच बूट चांगले असतात. मला शिडीवर चालणारे हवेत.

लेक: आई, अजिबात नाही! परवापर्यंत काठी घेऊन चालत होतीस!

आई: परवापर्यंत. आज शिडी घेऊन चालते. सरक.

दुकानदार: आत्या, लागलं-बिगलं तर माझ्या गळ्यात येईल हो.

आई: तुमच्या गळ्यात कशाला? शिडी धरायला मुलगी आहे माझी. धर गं, बघत काय राहिलीस?

(आई शिडीच्या तिसऱ्या पायरीवर. लेकीने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरलेली.)

आई: हे बघ. टाचेच्या पुढे ही खाच आहे ना, ती पायरीला धरून राहते. जुन्याची ती कड झिजून सपाट झाली होती. बस, एवढंच झालं होतं त्या दिवशी. हे चांगले धरतायत. हेच घेणार.

लेक: घे. पण उतर आता.

आई: उतरते, घाई काय आहे? उतरले की आधी फोरमनला फोन लावते. बूट मिळाले म्हणून कळवते.

लेक: फोन नको करूस.

आई: का?

लेक: तू आधी खाली ये.

आई: इथे बरी आहे मी. का नको?

लेक: मी केलाय त्याला फोन. काल. आता तू येणार नाहीस, असं सांगितलंय.

आई: परत म्हण. वर नीट ऐकू आलं नाही.

लेक: तू काम सोडलंस, असं सांगितलं मी त्याला.

आई: पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. तुला परत म्हणवतं का, ते बघत होते.

लेक: माझ्यावर ओरड हवं तर. पण खाली येऊन ओरड.

आई: शिडीवर मी कुणावर ओरडत नाही, नियम आहे माझा. धर नीट, येते. हं. आले. भाऊ, माझी पर्स द्या बरं. त्यात फोन आहे.

लेक: आई, प्लीज.

आई: गप्प. हॅलो? हो, आत्याच. ... नाही, ती काय म्हणाली ते तिचं. मी काय म्हणते ते ऐक. ... दुसरी बसवतोयस? कोण, ती साचे भरणारी? चांगली आहे, हात हलका आहे तिचा. शिकवीन मी तिला, शेजारी उभी कर. पण खुर्चीत मी. ... आराम झाला करून. आराम करून करून अंग आंबलं माझं. ... हो, नवे घेतले. पायातच आहेत. ... आणि काय रे, इतके दिवस दुसऱ्या क्रेनवर भागवलंस, पण उद्या माझी केबिन उघडणार होतास कशाने? चावी माझ्या पर्समध्ये आहे. ... हं. मग? ... सकाळी येते. ठेव.

दुकानदार: चावी तुमच्याकडेच?

आई: मग? काम सोडणाऱ्याने चावी द्यायची असते. मी सोडलंच नाही, तर देऊ कशी?

लेक: मला चावीचं माहीतच नव्हतं.

आई: तुला कसं माहीत असेल? वर काय असतं, हे कधी विचारलंस? पडले तेव्हा शिडी किती उंच आहे, तेवढं विचारलंस.

लेक: काय असतं वर?

आई: वर मी असते. खाली उतरले की मी कुणाची तरी आई, कुणाची तरी सासू, आणि आता तर सगळ्यांची पेशंट. पाणी हवं का, उशी हवी का, उठू नका, वाकू नका. वर कुणी असलं काही विचारत नाही. मी हात हलवला की आठ टन लोखंड हलतं. खालचे सगळे माना वर करून माझ्याकडे बघतात, आणि मी थांब म्हटलं की थांबतात. घरात मी थांब म्हटलं, तर टीव्हीसुद्धा थांबत नाही.

लेक: मला भीती वाटते गं. त्या दिवशी तुझ्या कारखान्यातून फोन आला, तेव्हापासून फोन वाजला की आधी कारखान्याचा नंबर आहे का ते बघते. ऑफिसात सगळ्यांसमोर रडले मी त्या दिवशी. तुला सांगितलं नाही.

आई: आत्ता सांगितलंस ना? हे आधी सांगायचं. फोरमनला नाही, मला. भीती मलाही वाटली. आत्ता पहिल्या पायरीवर पाय ठेवताना शिडी गच्च आवळली मी. तुझ्या हातात होती शिडी, तुला कळलं असेल.

लेक: कळलं.

आई: तरी चढले ना? मग झालं तर. रागावलेय मी तुझ्यावर, बरं का. चांगली आठवडाभर रागावणार आहे. पण तू शिडी मात्र घट्ट धरलीस.

लेक: सोडणार होते की काय?

आई: नाही. म्हणून तर चढले.

दुकानदार: मग आत्या, खोक्यात भरू?

आई: छे! घालूनच जाते. खोक्यात ते मी घालून आलेले जुने भरा आणि टाकून द्या. घरी नेले तर ही म्हणेल, बागेत घालायला ठेव.

लेक: नाही म्हणणार.

आई: म्हणशील. ओळखते मी तुला.

दुकानदार: पहिले आठ दिवस थोडे चावतील हं. चामडं नवं आहे.

आई: चावू देत. मीही चावते. बघू कोण आधी नरम पडतं.

दुकानदार: ते बूटच पडतील. चला, नमस्कार आत्या. ताई, तुमचं काही? ते मऊवाले बांधू का तुम्हाला?

लेक: नको, काका. नाड्या द्या.

दुकानदार: नाड्या बुटात आहेत की, नव्याकोऱ्या.

लेक: जास्तीच्या द्या. तुम्हीच म्हणालात ना, त्या तुटत राहतात.

दुकानदार: एक जोड देऊ?

लेक: दहा वर्षं पुरतील एवढ्या द्या.