बेल वाजायच्या आधी

संजना: थांब, पॉज कर. आता त्या आजीकडे बघ. काय केलं तिनं?

निकिता: दार उघडलं. त्यात काय?

संजना: बेल वाजली होती का?

निकिता: नाही. अगं हो, तिचा मुलगा तर अजून खाली गाडीच लावत होता.

संजना: मागच्या रविवारी बघताना तुझ्या लक्षात नव्हतं आलं. माझ्याही नाही. घरात प्रत्येकाकडे काही ना काही शक्ती. आई उडते, बाबा ट्रक उचलतो, ती छोटी भिंतीतून आरपार जाते. आणि आजी आपली मेथी निवडत बसलेली. आपल्याला वाटतं, हिच्याकडे काही नाही. पण सिनेमावाल्यांनी दहाव्या मिनिटालाच बी पेरून ठेवलंय. शेवटी तेच उगवतं.

निकिता: की तिला दहा किलोमीटरवरचं ऐकू येतं.

संजना: हं. म्हणून चांगला सिनेमा दोनदा बघायचा. दुसऱ्यांदा खुणा सापडतात.

निकिता: मग ते सगळे गाडीत बोलले ना, आजीला समारंभाला न्यायला नको, तिथं ती बरी दिसणार नाही, तेपण तिनं ऐकलं?

संजना: ऐकलंच असणार.

निकिता: आणि घरी आल्यावर त्यांनाच गरम गरम वाढलं.

संजना: हो. चल, लाव पुढे.

निकिता: नको. मम्मी, मलापण खुणा सापडल्यात.

संजना: कोणती, ते मांजर?

निकिता: सिनेमातल्या नाही. आपल्या घरातल्या. शाळेतून आजी-आजोबा दिवसाचं पत्र आलं होतं. माझी सगळी पत्रं तू फ्रिजवर आंब्याच्या मॅग्नेटखाली लावतेस. ते मात्र कणकेच्या डब्याखाली होतं.

संजना: राहिलं असेल गडबडीत.

निकिता: दुसरी. तू म्हणालीस, आजीचे गुडघे दुखतात, ती शाळेत येऊ शकणार नाही. पण आदल्याच दिवशी आपली लिफ्ट बंद होती. ती मळ्यातून फुलांची टोपली घेऊन आली आणि तिन्ही जिने चढली. मध्ये कुठे बसली नाही. मी वरून बघत होते.

संजना: सरबत करू का तुला?

निकिता: आणि ती चहा पीत होती तेव्हा आयुषची मम्मी वही द्यायला आली. तिनं विचारलं, या कोण? तू म्हणालीस, या आमच्याकडे फुलं देतात.

संजना: देतेच की ती फुलं.

निकिता: मम्मी.

संजना: बरं, पुढे बोल.

निकिता: आजी लगेच उठली. कप अर्धा होता. म्हणाली, “चला ताई, येते मी.” तुला ताई म्हणाली. तू तिची मुलगी आहेस ना?

संजना: हळू बोल. खिडकी उघडी आहे.

निकिता: बघ, हीपण खूण.

संजना: ये इकडे, बस. हे बघ, त्या कार्यक्रमात तुमच्या बाई सगळ्यांच्या हातात माइक देतात. आयुषची आजी मुख्याध्यापिका होती, ती श्लोक म्हणणार. कुणी कविता म्हणणार. आणि माझी आई तोंड उघडलं की “लय” आणि “हाय”. उद्या वर्गात तुला कुणी चिडवलं असतं म्हणजे?

निकिता: मला?

संजना: मला. मला कुणीतरी काहीतरी म्हणालं असतं. तुझं नाव मी उगाच पुढे करते.

निकिता: बाई म्हणाल्या, ज्यांचे आजी-आजोबा आले नाहीत त्यांनी पाणी वाटा. मग मी सगळ्यांच्या आज्यांना पाणी दिलं. गजरे घातले होते त्यांनी. आपल्या आजीसारखा वास येत होता.

संजना: चुकलं माझं. तुला खरं सांगते, तेव्हाही कळत होतं आणि तरी केलं. पण आजीला यातलं काही सांगू नकोस. शाळेत असं काही होतं हे तिच्या गावीही नाही.

निकिता: सांगणार नाही. नुसतं विचारणार आहे.

संजना: निकिता, तो फोन ठेव. ती आत्ता बाजारात असते.

(निकिता फोन लावते आणि स्पीकरवर ठेवते.)

कुसाबाई: बोल गं संजे.

निकिता: आजी, मी आहे. रिंग तरी वाजू देत जा.

कुसाबाई: हातातच व्हता बाई फोन. जेवली का?

निकिता: केव्हाच. आजी, शुक्रवारी तू काय करत होतीस?

कुसाबाई: शुक्करवारी? गजरे. मान वर कराया फुरसत नाय भेटली. तुमच्या साळंत आज्यांचं कायतरी व्हतं ना. पाच-सहा जणी हितूनच नटून गेल्या. एक मोठी मास्तरीण व्हती, तिला तं मी माझ्या हातानं माळून दिला गजरा. लय चांगली बाई. म्हनली, तुमची नात आसंल तर चला की तुमी बी.

संजना: आई, तुला माहीत होतं?

कुसाबाई: तू बी हायेस व्हय तिथं.

निकिता: आजी, खरं सांग. तुझे गुडघे दुखत होते का?

कुसाबाई: गुडघं? कोन म्हनलं?

निकिता: मम्मी. म्हणून तू आली नाहीस ना?

कुसाबाई: हां. हां, बरूबर. लय दुखत व्हते. पाय टेकवत नव्हता बघ. तुझ्या मम्मीनं लय आग्रेव केला, मीच नाय म्हनले.

निकिता: खूप आग्रह केला?

कुसाबाई: लय. तिला रागावू नको हां.

संजना: आई, बास कर. तू अजून गणेशवाडीच्या बाजारात त्या पिंपळाखालीच बसतेस ना?

कुसाबाई: नाय गं. तिथून हालवलं आमाला, सात वर्सं झाली. आता नळाजवळ बसते.

संजना: सात वर्षं. कधी बोलली नाहीस.

कुसाबाई: तू कुटं इचारलं.

संजना: आम्ही येतोय. दोघी, आत्ता निघतो.

कुसाबाई: आत्ता नको संजे. आइतवारी तुमच्या सोसायटीच्या बाया येत्यात हिकडं फुलं घ्याया. कुनीतरी बघंल तुला. अंधार पडल्यावर ये.