टँकर आला, टँकर आला!

...आन लोक म्हनतेत, हनीफनं भर गावात परक्या बाईचा हात धरला! धरला! हाव, धरला! पन का धरला, हे कुनी विचारतंय का? पाच हजार लिटर घाण घेऊन मी वाडीच्या मधोमध उभा, भोवती चाळीस बाया हंडे घेऊन... आता सांगा, मी काय म्हनायचं होतं?

थांबा, तुम्हाला सांगतो. मी नांदेडचा, सेप्टिक टँक उपसायचा धंदा आपला. किनवटच्या वरच्या डोंगरावर ते नवं रिसॉर्ट झालंय बघा... मे महिन्यात बर्फ! खरंच! मोठ्या हॉलमधी मशीननं बर्फ पाडतेत आन हैदराबादची मानसं पायाला पट्ट्या बांधून घसरतेत. घसरू द्या, आपलं काय जातंय! पन दहा खोल्यांच्या चाळीस झाल्या आन खड्डा राहिला दहाचाच. मॅनेजर सिद्रामप्पा, लई गोड मानूस, म्हनतो, "हनीफभाई, रोज येत जावा." म्हनलं, साहेब, टाकू कुठं? नांदेड सव्वाशे किलोमीटर! तर हात असा गोल फिरवला... "डोंगर केवढा मोठा हाय, हनीफभाई!"

डोंगर मोठा हाय, कबूल. पन त्याचा नाला खालच्या वाडीच्या विहिरीपाशी उतरतो, हे त्यालाबी ठाऊक आन मलाबी. खोटं कशाला बोलू, मी टाकायलाच चाललो होतो. मनाला म्हनलं, एकच खेप. आन नाल्याची वाट जाते वाडीतून. शिरलो न्हाई तोच आरोळी, "टँकर आला, टँकर आला!"

चूक माझीच. गाडी जुनी, पान्याच्या टँकरची घेतलेली. टाकीवर हे एवढ्या अक्षरात 'पिण्याचे पाणी'! पुसलं न्हाई. मोहल्ल्यात दारापुढं लावायची असते ना! आमची घरवाली शबाना म्हनली, "राहू द्या जी, इज्जत दिसते." घ्या इज्जत!

विहिरीनं तळ गाठलेला, आठ दिवस वाडीला पान्याचा टँकर न्हाई. पुढं हंड्यांची रांग, मागं घागरी, गाडी हलवू कशी? केवळाबाई म्हनून म्हातारी पदर खोचून थेट टाकीवर चढली, हातात पाइप. "मावशी, उतरा!" तर वरून, "का म्हून? मागल्या बारीला समदं खालच्या आळीनं नेलं, आज नंबर आमचा हाय!" म्हनलं, मावशी, वास बघा कसा येऊन राहिला! "येऊ दे की! पंचायतीनं पावडर टाकली आसंल, चांगली आसती!" आता सांगा, मी काय म्हनायचं होतं?

खरं सांगावं तर विचारतील, मग चालला होतास कुठं? गप बसावं तर झाकन निघून राहिलं! आन तेवढ्यात मागं बघतो तर तनुजा, सटवाजी पाटलाची सून, कडेवर लेकरू, कॉकखाली तांब्या धरलेला. "आधी लेकराला दोन घोट पाजू द्या, मग भांडा." कॉक फिरला... अर्धा फिरला... या अल्ला! झेप घेतली आन धरला हात!

झालं! सटवाजी काठी घेऊन धावला, "हात सोड!"

"न्हाई सोडत!"

"सोड म्हनतो!"

"पाटील, घाण हाय त्यात! वरच्या रिसॉर्टची घाण! तुमच्याच नाल्यात सोडायला चाललो होतो मी!"

तनुजानं तांब्यात वाकून बघितलं, कोरडा होता. लेकराला छातीशी आवळलं तिनं. मी डोळे मिटले, म्हनलं, मारा. कुनी मारलं न्हाई हो! मारलं असतं तर बरं झालं असतं, एवढी लाज वाटली मला. सटवाजी म्हनला, "फिरव गाडी. आमी संगट येतो. त्या मॅनेजरच्या फाटकात नेऊन उभी कर." बायांनी एकेक हंडा उचलला, वाट दिली.

गाडी सुरू केली, तर खिडकीशी केवळाबाई. म्हनलं आता शिव्या! तिनं इकडंतिकडं बघितलं, आवाज बारीक केला... "भाऊ, ही गाडी चांगली घासून धुतली, तर पान्याची एक खेप आनशील का रं?"

आता सांगा, मी काय म्हनायचं होतं? म्हनलं, "आनतो मावशी. पन धुवायला पानी कुठून आनू?"