आईचं फर्न

रोपांच्या नर्सरीतल्या रांगेत एक शिक्षिका उभ्या होत्या. त्यांच्या पुढे दोघी बहिणी होत्या. धाकटीच्या हातात फर्नची कुंडी होती. पानं पिवळी पडलेली, माना टाकलेल्या.

"चार महिन्यांपूर्वी हिरवंगार दिलं होतं तुला."

"रोज पाणी घालते गं ताई. सकाळ-संध्याकाळ."

"मग मुळं कुजणारच. आई बोटाने माती चाचपून मगच घालायची."

"मला काय माहीत?"

"कसं असेल? ती अंथरुणावर होती तेव्हा दोन वर्षं ढुंकून पाहिलं नाहीस."

"मला बघवत नव्हतं तिला तसं."

"मला बघवत होतं?"

"मग फर्न तरी कशाला दिलंस मला?"

"मी नाही दिलं. शेवटी शेवटी आईच म्हणाली, हे धाकटीला दे. माझं नावसुद्धा नाही घेतलं."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला आणि माळ्याने कुंडी घेऊन रोप उपसून पाहिलं.

"बाकी सगळं गेलंय. एवढा एक कोंब जगेल. दुसऱ्या कुंडीत लावून देऊ?"

"द्या. मी नेते."

"ताई, आईने मला दिलं होतं ते."

ताई माळ्याकडे वळली.

"दादा, रिकामी कुंडी हिला द्या."