मोठ्या सरांनी निघा म्हटल्याशिवाय

आम्ही धरणगावकडचे, कापूस करणारी माणसं, आबा म्हणायचे पोरीनं कापूस वेचण्यापरीस खडू धरलेला बरा, म्हणून मला डी.एड.ला घातलं आणि नोकरी लागली ती पार शिरपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका खासगी शाळेत. ऐंशीची सालं सरत आली होती. आमचे हे धुळ्याला गिरणीत, मी शिरपुरात खोली केलेली, दोन वर्षांची पोर शेजारणीकडं ठेवायची आणि रोज एस.टी.नं शाळा गाठायची.

काय सांगू तुम्हाला भाऊ, त्या शाळेची एक रीत होती. शेवटची घंटा झाली, पोरं गेली, की आम्ही बठ्ठे, म्हणजे झाडून सगळे शिक्षक खोलीत येऊन बसायचो. हेडमास्तर, त्यांना मोठे सर म्हणायचे, सगळे वर्ग बघून यायचे, उंबऱ्यात उभे राहायचे आणि म्हणायचे, हं, निघा. तोवर पिशवीला हात लावायचा नाही. कुणी धाकानं बसायचं, कुणी मायेनं, आमच्यातली सगळ्यात जुनी बाई मालतीअक्का तर देवळात बसल्यासारखी बसायची, आणि मी आपली सगळे बसतात म्हणून बसायची. गावात म्हणायचे, शाळेवर निष्ठा असावी तर अशी.

दिवाळीच्या सुट्टीत मोठे सर गेले. छातीत कळ आली आणि संपलं. शाळा उघडली, पहिल्या दिवशी घंटा झाली, आम्ही सवयीनं बसलो, बसलो ते बसलोच, आता निघा कोण म्हणणार? मग एकदम सगळ्यांच्या माना उंबऱ्याकडं वळल्या आणि सगळे पिशव्या घेऊन उठले. मी अक्काला विचारलं, काय झालं? ती म्हणे, सर म्हणले ना, निघा. मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. पण उठले त्यांच्यामागं, दुसरं काय करणार.

मग रोजचंच झालं. नवे हेडमास्तर आले, तरणाताठा माणूस, आधी हसले आम्हाला, म्हणाले अहो बाई, जा की घरी, कुणाची वाट बघता? कुणी हललं नाही. थोड्या दिवसांनी तेही आमच्यातच येऊन बसायला लागले, आणि त्यांचीही मान वळायला लागली. मला एकटीलाच काही ऐकू यायचं नाही. मी तसं कुणाला बोलले नाही, आपल्यातच काही कमी आहे असं वाटायचं.

एक दिवस घंटेच्या वेळेला शिरपूरहून निरोप आला, पोर तापानं फणफणलीय, आकडी आली, लगेच निघ. मी पिशवी घ्यायला खोलीत गेले तर बठ्ठे बसलेले, आणि खरं सांगते, माझे पायच बसले हो, मीही बसले. खिडकीतून शेवटची गाडी वळणावर येताना दिसत होती. पोर मरायला टेकली आणि मी बसून! उठले. अक्कानं पदर धरला, बस वं माय, सर येतीन ना. मी पदर सोडवला. उंबरा ओलांडताना कुणी वाट द्यायला अंग चोरावं तसं वाटलं, मागं बघितलं नाही. गाडीत कंडक्टर म्हणे, बाई, दोन का? म्हटलं नाही, एकच.

पोर वाचली. मी त्या शाळेत परत पाऊल टाकलं नाही, पुढं धरणगावलाच नोकरी मिळाली.

खूप वर्षांनी धुळ्याच्या स्टँडवर मालतीअक्का भेटली. वाळून काडी झालेली. म्हटलं अक्का, सुटलीस का त्या शाळेतून? ती माझ्याकडं बघेचना, माझ्या खांद्यामागं बघत होती. म्हणे, तू उठनी ना, तवय सर बी तुना मांगेमांगे बाहेर पडनात. तवयपासून आम्हले कोनी निघा म्हनत नही. आम्ही आजून बठेल शेतस. त्यासले धाडी दे वं माय. अंगानं ती स्टँडवर, पण म्हणते अजून त्या खोलीतच बसलोय, सरांना परत धाड.

आता पोरगी सासरी सुखात आहे, माझं सगळं त्यात आलं. पण अक्काला मी काय देऊ, भाऊ? गेल्यानंतर ज्यांना मी एकदाही पाहिलं नाही, ऐकलं नाही, त्यांना परत धाडू कसं? देव करो आणि सर आपल्या पायांनी परत त्या उंबऱ्यात जावोत, ती माणसं घरी जावोत.