नावाडी

पंच्याहत्तर साली घनसावंगीच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर एक बहीण-भाऊ बसले होते. जालन्याहून आफ्रिकेतला इंग्रजी सिनेमा पाहून परत चालले होते.

"आवडला का, अक्का?"

"बोली न्हाई कळली. पर मडमेचा जीव होता त्या साहेबावर, ते कळलं."

"शेवटी लगीन बी झालं."

"त्यांना पुरातून पल्याड नेणारा काळा नावाडी माघारी येताना बुडाला. अन् लगेच बाजा लागला रे, तातेराव."

"सिनेमा हाय तो."

"वाड्यावरच्या काकासाहेबाच्या पोराचं वऱ्हाड तुझ्या दाजीनंच गोदावरीपार नेल्तं ना? माघारी येताना होडी उलटली. मी काठावर ऊर बडवत होते, अन् पल्याड बाजा वाजतच राह्यला."

"झालं ते झालं. आता त्या सुनेला दिवस गेलेत. हाताखाली बाई पाहिजे म्हणून राह्यले काकासाहेब."

"मंग?"

"मी हो म्हणून आलो."

"मला न विचारता?"

"माझ्या घरी किती दिवस राहशील, अक्का? तुझी भावजय रोज भांडून राह्यली."

"म्हणून सिनेमा दावला व्हय मला?"

तीर्थपुरीची गाडी लागली.

"चल, अक्का. जल्दी."

"तू जा. काकासाहेबाला सांग, माझ्या मालकानं तुमची समदी माणसं सुखरूप पोचवली. आता आमच्याकडून काही राह्यलं न्हाई."

"अन् जाशील कुठं?"

"ते मला बी ठाव न्हाई."

कंडक्टरनं घंटी मारली. तातेराव गाडीत चढला. ती बाकड्यावरच बसून राहिली.