जावई चर्चचा की चॅपलचा?

लंडनच्या क्लॅपम उपनगराला निघालेल्या घोड्यांच्या बसमध्ये टिडमार्शसाहेबांनी वर्तमानपत्र उघडलं होतं. पण पुढच्या बाकावरचं जोडपं जास्त वाचनीय निघालं.

"चर्च की चॅपल, म्हणजे राजमान्य चर्चचा की त्यातून फुटलेल्यांपैकी, एवढंच विचारलं मी! मुलगी मागायला आलेल्याला दुसरं काय विचारायचं? तर म्हणतो, मी अ‍ॅग्नॉस्टिक!"

"चॅपलवाल्यांचाच एखादा नवा पंथ असेल हो."

"कसला पंथ! कुणा प्राध्यापकानं इथंच लंडनमध्ये, दहा-बारा वर्षांपूर्वी, ग्रीकातून घडवलेला शब्द. अर्थ काय, तर 'ठाऊक नाही'! देव आहे? ठाऊक नाही. मग नाही? तेही ठाऊक नाही!"

"खोटं तर नाही ना बोलला?"

"खोटं बोलला असता तर चाललं असतं! सरळ नास्तिक असता तर जिन्यावरून ढकलला असता. याला कुठल्या तोंडानं ढकलू?"

"आणि आपल्या लव्हिनियाला सुखात ठेवणार का, ते विचारलंत?"

"विचारलं. ते मात्र पक्कं ठाऊक आहे म्हणे! देवाचं ठाऊक नाही आणि बायकोचं ठाऊक आहे! काय हा उद्धटपणा! अगं, तीस वर्षं संसार केला आपण. तू सुखी आहेस की नाही, हे मी तरी सांगू शकतो का?"

बाई खिडकीबाहेरची दुकानं बघू लागल्या.

"अगं, तुलाच विचारतोय. आहेस ना सुखी?"

"ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ठाऊक नाही हो. या रविवारी चर्चमध्ये त्या दोघांच्या लग्नाची घोषणा होऊ दे. मग बघू, कळतंय का."

टिडमार्शसाहेबांचा थांबा केव्हाच मागे पडला होता.